समासातली शाई

कर्वेनगरात, गिरणीच्या वरच्या खोलीत
मी सेव्हिलमधलं चारशे वर्षांपूर्वीचं नाटक उघडते.
लेखकाचं नाव नाही. पहिलं पान कसरीनं नेलंय.
खाली दळण पडतं, टेबल थरथरतं,
पडद्यावरची अक्षरं तेवढी जागची हलत नाहीत.

प्रोग्रॅम मोजतो: 'आणि' किती, 'पण' किती, 'की' किती.
माणूस म्हणे बारक्या शब्दांत सापडतो,
मोठ्या शब्दांत सगळे सारखेच.
एकाहत्तर टक्के अमुक एक,
उरलेला कोणीतरी.

समासात मात्र वेगळी शाई:
"इथे यासिंता खोकते. थांबा."
खरा खोकला की नाटकातला?
प्रोग्रॅमच्या लेखी तो कचरा.
पुसू का, विचारतो, अगदी सभ्यपणे.

आमचे भाऊ बावीस वर्षं प्रॉम्प्टर होते,
उजव्या विंगेत, तीन पायांच्या स्टुलावर.
त्यांच्या वहीत असंच असायचं:
"शशिकलाबाईंना इथे पाणी."
"टाळी आली तर तीन मोजा, मग पुढचं वाक्य."
नाटककाराला यातलं काही ठाऊक नव्हतं.
वही रद्दीत गेली, दिवाळीअंकांबरोबर.

"मग, कोणाचं ठरलं?" गुरुवारी उपळेकर सर विचारतात.
मी आलेख दाखवते. ते मान डोलावतात.
खोकल्याचं मी बोलत नाही.

रात्री तक्त्यात एक रकाना वाढवते,
त्याला नाव सुचत नाही.
गिरणी बंद झालीय. कीबोर्डवर ज्वारीचं पीठ.
यासिंताची ओळ येते
आणि मी थांबते,
भाऊंसारखी, नुसते ओठ हलवत,
एक,
दोन,