हाडाची शिक्षिका

पहिल्या चाचणीत शंभरात एकतीस.
डंडीच्या त्या नर्सिंगच्या वर्गात सगळ्यांत थोरली मीच,
एक्केचाळीस वर्षांची,
रात्री वृद्धाश्रमात पाळी करून येणारी.
पडद्यावरचा सोललेला हात बघून
मला एवढंच कळायचं की झोप आली आहे.

ग्रंथालयाच्या फळ्यावर चिठ्ठी होती:
शरीररचना शिकवीन. तासाला दहा पौंड, चहा धरून.
मॉइरा गेडिस. उभी हयात एक्स-रे काढण्यात गेलेली.
चढावरचा तिसरा मजला, खिडकीखाली टे नदी,
नदीवर धुकं,
धुक्यात अर्धाच उरलेला रेल्वेचा पूल.

पुस्तक तिनं उघडलंच नाही.
हात दे, म्हणाली,
आणि बांगडी भरण्याआधी कासार दाबून बघतो
तसं माझं मनगट चाचपत राहिली.
आठ आहेत. एकही सरळ नाही.

नावं लॅटिन, जिभेवर येता येता विरघळणारी.
तुमच्यात काय म्हणतात?
मनगट.
आठांना मिळून एक?
आठांना मिळून एकच, म्हटलं,
जणू भाषेचा कंजूषपणा माझ्याच घरचा.
मग घाईघाईनं पुढे केले घोटा, नडगी, पोटरी, खुबा
आणि माकडहाड.
त्याचा अर्थ सांगितला तेव्हा
चहा सांडेपर्यंत हसली ती.

पुढच्या बुधवारी मी डबा नेला.
वाळका वाटाणा, तो पिसिफॉर्म.
काजू म्हणजे ल्युनेट, चंद्रकोर.
होडीसारख्या स्कॅफॉइडला खारकेची बी,
आकड्याच्या हॅमेटला एक वाकडी लवंग,
उरलेल्या चौघांना चिंचोके.
मांडता मांडता हात चाळवला माझा:
एक चिंचोका वर उडवला, खालचे वेचले,
वरचा झेलला.
सागरगोटे.

मॉइरा बघत राहिली. मग तिनंही उचलले.
आम्ही नदीवरचे गोटे आणायचो, म्हणाली,
जिन्याच्या पायरीवर खेळायचो, आई हाक मारेपर्यंत.
साठ वर्षांत हात विसरला नव्हता.
उलट्या पंजावर तीन झेलले,
चौथा शेगडीखाली गेला.
ट्रॅपेझॉइड, ती म्हणाली. शोध.

जिभेच्या दिवशी मी म्हटलं,
आमच्याकडे म्हणतात, जिभेला हाड नसतं.
असतं, ती म्हणाली. मुळाशी. हायॉइड.
अख्ख्या देहात दुसऱ्या कुठल्याच हाडाला न भिडलेलं,
नुसतं स्नायूंच्या भरवशावर टांगलेलं.
माझ्या घशात काहीतरी अडकलं.
आठ महिने मी कुणाशी मराठीत बोलले नव्हते.
रडायचं तर रड, ती म्हणाली,
पण गिळताना कुठले स्नायू हलतात, ते सांगत.

मार्चमध्ये टेबलावर एक फॉर्म होता,
कपाचा गोल डाग पडलेला.
विद्यापीठाला देहदान. साक्षीदाराची सही हवी होती.
पेन माझ्याकडे सरकवून म्हणाली,
डाव्या मनगटात स्क्रू आहे, बर्फावर घसरले होते तेव्हाचा.
पोरांना आधी सांगू नका म्हणावं. सापडू दे त्यांना.

मी सही केली. मराठीत केली, का कोण जाणे.
शाई वाळेस्तोवर तिला सांगू पाहिलं
की आमच्यात खऱ्या मास्तराला काय म्हणतात.
हाडाची, म्हटलं,
हाडाची शिक्षिका, म्हणजे,
आणि इंग्रजीत उतरवता उतरवता
मध्येच थांबले.

म्हणजे बारीक? तिनं विचारलं.
थोड्या बारीकही आहातच, म्हटलं मी.
तिनं घड्याळ पाहिलं. अजून वीस मिनिटं होती.
कोपर, ती म्हणाली.
बाही वर कर.