ढ

माझं नाव थॉमसन विश्वनाथ डेरे.
हसून घ्या, मी थांबतो.

बापाचा पहिला कंटेनर ज्या फेब्रुवारीत हॉलंडला गेला
त्याच आठवड्यात मी झालो.
बारशाला आत्यानं कानात कुर्र करायच्या आधी
दोनदा विचारलं, "काय?"
निफाडच्या जिभांनी मग ते नाव चावून चावून
गिळण्याजोगं केलं: तामसन, ताम्या.
सातव्या वर्षी मी तात्या झालो.

धाकटी सोनाका.
तीही द्राक्षाचीच जात,
पण तिला कुणी कधी काही विचारलं नाही.
नाव सोन्यानं सुरू झालं की खपून जातं.

मला विचारलं.
कॉलेज रोडला खोली बघायला गेलो तर
घरमालक म्हणाले, "तुमच्यात चालत असेल, आमच्यात नाही."
काय ते अजून कळलेलं नाही.
एका चर्चमधून दर नाताळला कार्ड येतं.
मीही उलट पाठवतो.

नववीत असताना बापानं थॉमसनची बाग काढली.
नवी काळी जात लावायची होती.
जेसीबीनं दोन दिवसांत अडीच एकर मोकळं.
रात्री भाकरी मोडत, ताटाकडे बघत म्हणाला,
"तुला काही वाटलं नाही ना रे?"
पुढचे आठ दिवस मला नावानं हाक नाही.
ए. अरे. इकडं ये.

आता मुलगी.
पूर्वाषाढा, चौथा चरण,
भटजींनी चष्मा पुसून अक्षर सांगितलं: ढ.
सगळे गप्प. मग मावशी हसली, मग सगळेच.
"पत्रिकेतलं कोण वापरतंय, धारा ठेवा."
विदुला हसली नाही.
बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली,
"ढग."

"मग मेघा ठेव की, तेच ते."
"तेच नाही. मेघा नटून येते.
ढग नुसता येतो."

द्राक्षवाल्याच्या घरात ढग!
छाटणी होऊन फुलोरा लागलेला असताना
आभाळ भरून आलं तर आमच्याकडं कुणी कविता करत नाही,
ब्लोअर काढतात.
ढग म्हणजे डावणी, ढग म्हणजे रात्री दोनची फवारणी.
चाळीस वर्षं बाप सकाळी दार उघडून
आधी वर बघतो, मग देवाकडे.
त्यानं नाव ऐकलं,
टोपी घातली,
बागेत गेला.

माझा आजा उकिर्डा.
त्याच्या आधीची चार गेली होती,
म्हणून पाचव्याला उकिरड्यावर लोळवून उचललं,
वास येऊन मरणानं तोंड फिरवावं म्हणून.
तेही नाव आईबापांनीच ठेवलं, हट्टानं.
तो ब्याण्णव वर्षं जगला.
सोसायटीच्या कागदांवर सही करायचा,
चारही अक्षरं सुटी, ठळक.
हे सगळं मला पाठ आहे,
आणि तरी, खरं सांगतो,
मला लेकीसाठी नेहा चाललं असतं.

पंचवटीच्या कार्यालयात खिडकीमागची बाई म्हणाली,
"नावाचा रकाना कोरा ठेवा, पंधरा वर्षं मुदत असते."
मग बापाच्या रकान्यात माझं नाव वाचून
चष्म्यावरून बघितलं.
"कापलेल्या नाकावरून नाव पडलंय म्हणतात ह्या गावाचं.
कुणी बदलून मागतंय का?"
मी कोराच ठेवला.
विदुला रिक्षात बोलली नाही,
द्वारका सर्कलचा सिग्नल तीनदा सुटला तरी.

काल दुपारपासून आभाळ आलेलं.
रात्री अकराला बापाचा फोन,
मागं ट्रॅक्टर, ब्लोअरची घरघर.
म्हटलं औषध संपलं असेल,
सकाळी पिंपळगावला जावं लागणार.

"ढग," तो म्हणाला, आणि थांबला.
ब्लोअर बंद केल्याचा आवाज आला.

"झोपली का?"