किंचित ओल

त्सुकुबा. रात्रीचे दोन.
भट्टी साडेसातशेवर आली
की क्वार्ट्झची नळी आतून मंद लाल होते
आणि तोरिउमी बोलायचा थांबतो.

नळीत सिलिकॉनची चकती, नखाएवढी.
तिच्यावर लोखंडाचे कण पेरलेत;
कण कसले, कणांचे खापरपणतू.
इथिलीन वाहतो. ते कार्बन खातात
आणि खाल्लेलं उभं करतात,
एकाला एक खेटून, सरळ.
गर्दी आहे म्हणून सरळ.
एकटी नलिका केव्हाच आडवी झाली असती.

दहा मिनिटांत मरतात.
खाऊन खाऊनच मरतात, काजळी अंगावर घेऊन.
सहा वर्षं आम्ही दमटपणाला बोल लावला,
जोड आवळले, वायू सुकवले,
जूनमध्ये तर दाराच्या फटींना टेप.
पाण्याचा असा विटाळ धरला होता.

माझी आई युकी गावची. नाव तोमे.
मावाता म्हणजे रेशमाचा पिंजलेला फुगा,
त्यातून ती बोटांनी सूत ओढायची.
चरखा नाही, पीळ नाही,
बोटाला फक्त थुंकी.
तोंड कोरडं पडलं की खारवलेलं आंबट उमे चघळायची.
‘‘कोरडं तुटतं, ओलं चिकटतं.
मधलं काय ते जिभेला कळतं.’’
माझ्या जिभेला कधी कळलं नाही.
मी केमिस्ट्रीला गेले.

आज तोरिउमीने वायूच्या वाटेत पाण्याची बाटली जोडली.
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
दहा लाखांत शंभर-दीडशे भाग,
चिमणीची चोचसुद्धा भिजणार नाही.

अकरावं मिनिट.
विसावं.
चाळिसाव्याला त्याचा चहा गार झाला होता.

चकती निवली, बाहेर काढली.
चार मिलिमीटर काळं. इतकं काळं
की कड कुठे ते चिमट्याने चाचपावं लागलं.
कडेचा एक पुंजका धरून ओढला.
शेजाऱ्याचा हात धरून शेजारी आला,
त्याच्यामागून त्याचा,
हवेत एक करडी रेघ, वीतभर,
आणखी थोडी,
मग तुटली.

तोरिउमीने वहीत लांबी लिहिली,
पाण्याचं प्रमाण लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ मारली.
मी हातमोजे काढले नव्हते.
तरी मधेच केव्हातरी
बोट तोंडाशी जाऊन आलं असणार.
जिभेवर रबराची चव होती.