फुल्या

आम्हा त्वचेच्या डॉक्टरांना सगळ्यात शेवटी बोलावतात.
आधी हृदय, मग फुप्फुस, मग मूत्रपिंड,
आणि कधीतरी केसपेपरच्या कोपऱ्यात
एक ओळ : खाज. बघून जावे.

मी भिंग घेऊन जिना चढते.
कुतैसीचं धुकं अजून खिडकीला चिकटलेलं,
रेडिएटरवर कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले.

खाट चार. नाझिब्रोला, वय अठ्ठ्याहत्तर,
चहा खुडण्यात गेलेली बोटं.
‘रात्री जास्त होतं,’ म्हणते
आणि हात पांघरुणाखाली नेते,
चोरीचा माल असल्यासारखे.
आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय :
उतारवय, कोरडी कातडी, एकटेपणा.
मी बोटांच्या बेचक्यात उजेड धरते.
केसाएवढी करडी रेघ,
रेघेच्या टोकाला ठिपका.

खरूज.
एकटेपणाला पाय नसतात, आजी.
हिला आठ आहेत.

मग खाट सात. मग नऊ. मग दाराजवळचा गुरामी,
ज्याची हृदयाची गोळी पुरळ म्हणून
दोन आठवड्यांत तीनदा बदलली.
मी वॉर्डाचा नकाशा काढून फुल्या मारल्या.
त्या ना खाटांच्या क्रमानं जात होत्या
ना चादरींच्या, ना नळाच्या.

संध्याकाळी रात्रपाळीची त्सिसाना आली.
कोट काढता काढता तिनं मनगट खाजवलं.
बत्तीस वर्षं ती फरशी पुसते, भांडी रिकामी करते
आणि दिवे मालवल्यावर
जो रडेल त्याचा हात हातात घेऊन बसते.
हे कुणी सांगितलेलं नाही. पगारात धरलेलं नाही.

मलम दिलं. गळ्यापासून तळपायापर्यंत, म्हटलं,
कपडे उकळ, घरच्यांनाही लाव.
ती फरशीकडे बघत म्हणाली,
‘म्हणजे मीच का, डॉक्टर?’
मी हो म्हटलं.
दुसरं काय म्हणायचं होतं ते
जिना उतरेपर्यंत सुचलं नाही.

सहा नंबरवर फुली नाही.
वाख्तांगी. मणक्याचा आजार, तोंडात शिव्या,
कुणाला जवळ येऊ देत नाही.
बोटांची बेचकी स्वच्छ, मनगट स्वच्छ.
फक्त टाचेखाली,
जिथं गादीच तेवढी त्याला शिवते,
नाण्याएवढा जांभळा डाग,
दाबला तरी फिका न होणारा.

लिहिलं : खाट सहा, संसर्ग नाही.
उशी मागवली. ती यायला वेळ होता.
तोवर मी त्याची टाच
तळहातावर उचलून धरली.
शिवी द्यायला उघडलेलं तोंड
त्यानं मिटलं नाही,
काही बोललाही नाही.