करंगळी

हातोदच्या चौकात, खताच्या दुकानाला खेटून
माझं कियोस्क. टेबल, मशीन,
आणि मान हलवून सतत नाही म्हणणारा पंखा.
रामबागेतून रोज स्कूटरवर येतो मी,
पण हप्ता पडतो त्या दिवशी
रांग माझ्याआधी आलेली असते.

रक्कम सगळ्यांची एकच. दोन हजार.

अंतरसिंह कलोता कधी येत नाही.
तो विजयनगरात राहतो, चौथ्या मजल्यावर, शेत बटाईला.
त्याचा फोन नुसता टुणकन वाजतो
आणि मेसेज लग्नपत्रिकांच्या खाली जातो.
एकदा भेटला तेव्हा विचारत होता,
"भिया, ते पैसे अजून येतात का?"

जुगल दहावीपर्यंत शिकला, डोकं त्याच्या बरंच पुढे.
चार हप्ते साठवून त्याने ठिबकच्या नळ्या आणल्या;
अनुदानाचा फॉर्म कुठे, कोणत्या खिडकीवर, किती वाजेपर्यंत,
सगळं त्याला पाठ.
त्याच्या काकाला नाही. दोघांचा बांध एकच.

रामकन्याबाईला नानूराम घेऊन येतो, सायकलच्या मागे बसवून.
तिचा अंगठा लागत नाही.
पुसा. परत ठेवा. दुसरं बोट.
मी म्हणतो, बाई, लसूण निवडून निवडून
रेषाच राहिल्या नाहीत तुमच्या.
ती हात उलटासुलटा करून बघते,
वाटेत कुठे सांडल्या असाव्यात तशी,
आणि माळवीत म्हणते, शेतातच राहिल्या असतील.

सहाव्या खेपेला, डाव्या करंगळीने, मशीन मानलं.
चार नोटा. दोन पदराच्या गाठीत,
दोन पोलक्यात.
"पोरगा आला विचारायला तर हजार सांग.
ऊटीचं बियाणं घ्यायचंय मला, अर्धा बिघा, माझ्या मनानं."
पावती चुरगाळून माझ्याच डब्यात टाकते.
तिला वाचता येत नाही.
पोराला येतं, हे तिला नीट माहीत आहे.

गर्दी ओसरल्यावर नानूराम टेबलाशी रेंगाळतो.
अंतरसिंहाची बारा बिघे तोच कसतो,
खसऱ्यात मात्र त्याचं नाव कुठेच नाही.
"बघू तरी," म्हणत गमतीने अंगठा टेकवतो.

मशीन पहिल्याच खेपेला हिरवं.
नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर.
शिल्लक: एकशे बारा रुपये.

"चांगलं ओळखते हो," तो म्हणतो,
आणि सायकल काढायला जातो.