फक्त वाचण्यापुरतं

मार्केट यार्डाच्या मागच्या गेटाला, वजनकाट्याशेजारी
माझं टायपिंगचं दुकान. कीबोर्डच्या फटीत हळद.
बाहुबली आण्णा चौगुले भिंतीला सायकल टेकवायचे
आणि पिशवीतून पंचांग काढायचे,
पंचांगातून रुमाल,
रुमालातून सीडी.

"धा रुपयाची नको. ती एकदा लिहिली की संपली.
साठाची द्या. ती पुसता येती."

अडत दुकानात छत्तीस वर्षं दिवाणजी.
आता हरिपूरच्या पेवांची यादी करत होते:
कुणाचं पेव, किती पोत्यांचं, तोंड कुठल्या अंगाला,
शेवटचं उघडलं तेव्हा आत सोडलेला दिवा
विझला की जळत राहिला.
घरी पोराचा जुना कॉम्प्युटर, पोरगा हैदराबादला.
म्हणून फाइल सायकलवरून यायची,
हरिपूर रस्त्यानं, चिंचांच्या सावलीतून,
खड्डा आला की एक हात पिशवीवर.

पहिल्या दिवशी अक्षरं फुटली.
त्यांच्या घरचा फॉन्ट माझ्याकडे नव्हता;
'पेव'च्या जागी दोन चौकोन आणि एक डॉलर.
आण्णा चष्मा सरकवून म्हणाले,
"ह्यात आमचं गाव कुठलं?"
मग फॉन्टही त्याच सीडीवर येऊ लागला, वेगळ्या फोल्डरात,
माणूस परगावी जाताना आपला तांब्या नेतो तसा.

दुसऱ्या खेपेला फाइल उघडली, पण हलेना.
सीडीवरून उतरलेलं सगळं असंच येतं:
फक्त वाचण्यापुरतं.
माऊसचं उजवं बटण, खालून पहिली ओळ,
तिथल्या चौकोनातली खूण काढायची.
त्यांनी पंचांगाच्या पाठीवर लिहून घेतलं: खूण काढणे.
संध्याकाळी फोन,
"बाई, खूण काढली. आता ऐकतंय."

सीडी पुसायला बावीस मिनिटं लागायची.
निळी पट्टी सरकायची, आण्णा गप्प बसायचे.
"पेव रिकामं केलं की," एकदा म्हणाले,
"आत उतरून शेणानं सारवायचं, उसाचा पाला लावायचा.
नुसतं रिकामं म्हंजे रिकामं न्हवं."
मी चहा सांगितला.
पट्टी सत्त्याऐंशीवर अडली होती.

खरं तर एकच फाइल आम्ही दोघं लिहीत होतो.
मी ऱ्हस्वदीर्घ नीट करायची,
माझं नीट केलेलं ते घरी नेऊन बिघडवायचे.
'पेवाचं मुख' गेलं, 'पेवाचं तोंड' होऊन परत आलं.
एकदा माझ्याच हातानं जुनी फाइल नव्यावर चढली,
आठ दिवसांचं काम गेलं.
रागावले नाहीत.
"सतरापास्नं घ्या," म्हणाले, डोळे मिटले,
आणि सदतीसपर्यंत सांगितलं, पोत्यांसकट.

मग तो पाचसालचा पूर.
कृष्णा हरिपुरात शिरली. पेवाच्या तोंडावर झाकण असतं;
पाणी आत कुठून गेलं
ते जो तो वेगळं सांगतो.
तीन आठवड्यांनी आण्णा आले, चालत.
रुमाल तोच, धुऊन पिवळट.
त्यांचं घर उंचावर, कॉम्प्युटर वाचलेला.
यादीत एक रकाना वाढवला होता, वर नाव नव्हतं,
खाली ओळीनं:
गेलं. गेलं. गेलं. आहे बहुतेक. गेलं.

"आता छापून घेऊ या का, आण्णा? पुस्तक करू."
"नको. अजून सांगाय यायचे हायेत लोक.
बदलाय यायला पायजे."

ती सीडी त्या दिवशी माझ्याकडेच राहिली.
पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले.
त्यानंतर मी चार कॉम्प्युटर बदलले;
आताच्याला तर सीडी घालायला तोंडच नाही.
फाइल मात्र एकातून दुसऱ्यात उतरत आली.

गेल्या सौद्यांच्या वेळी एक पोरगा आला,
पाठीला सॅक, उभ्या उभ्याच बोलला,
"एक्केचाळीस नंबर आमच्या पणज्याचं.
यादीत आदगोंडा लिवलंय म्हणत्यात.
आदगोंडा न्हवं. आदाप्पा."

मी खुर्ची ओढली.
फाइल उघडली,
एक्केचाळिसावर गेले,
आणि 'गोंडा' पुसलं.