अ लागतो

रविवार कारंजापाशी, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
सात ते आठ आमचा इंग्रजीचा वर्ग,
पंखा एकच, तो माझ्या डोक्यावर.

धंद्याच्या नावाआधी अ लागतो, मी सांगते.
ही इज टेलर नाही. ही इज अ टेलर.
आपल्यात चालतं, काका शिंपी आहेत,
झालं.
इंग्रजीला माणूस मोजून घ्यावा लागतो.

तांबट गल्लीतली सुलक्षणा वडके उठली.
वडील कॉपरस्मिथ.
अ कॉपरस्मिथ, मी म्हटलं.
आणि आई?
बाबांचा खांदा गेल्यापासून
घागरीला ठोके तीच देते, मॅडम.
सहा वर्षं झाली.
चिंचेनं घासणं, मोडीचं वजन, गिऱ्हाइकाशी घासाघीस,
ते आधीपासूनच तिच्याकडे.

मी फळ्यावर लिहिलं, तांबटीण.
ते तर बायकोला म्हणतात, ती म्हणाली,
हातोडी कधी उचलली नसली तरी.

उत्तर मला येत होतं,
तरी उगाच डस्टर शोधत राहिले.
मग लिहिलं:
माय मदर इज अ कॉपरस्मिथ.
शेपूट नाही, वेलांटी नाही,
कुणाची कोण ते नाही.
मागच्या बाकावरचा रिक्षावाला नामदेव
हळूच म्हणाला, बसतंय की.

बुधवारी तिची वही तपासली.
अ पुन्हा राहिलेला.
लाल पेननं घातला, जरा दाबून,
मागच्या पानावर उमटला.

द कधी लागतो, ते अजून कुणी विचारलेलं नाही.
एकच उरलं की लागतो.
गल्लीवरून रोज जाते मी,
भट्ट्या मोजत नाही.